डब्यातलं पाणी

काका, तुमच्या दहाव्याला बुधवाऱ्यातून एकही हलवाई आला नाही. तापीच्या घाटावर ऊन चढेपर्यंत मी पायऱ्यांकडे बघत होते. डोईफोडियाहून जीप भरून माणसं आली. ज्यांना आपण फसवलं असं तुम्हाला जन्मभर वाटत राहिलं, ती माणसं आली. आणि ज्यांच्या दुकानांच्या पायऱ्यांवर तुम्ही चार वर्षं सकाळचा चहा प्यायलात, त्यांच्यातलं कोणी फिरकलं नाही. काकूंच्याही ते लक्षात आलं होतं. पण त्यांना कारण ठाऊक नव्हतं. हलवायांना अर्धंमुर्धं आणि तेही चुकीचं ठाऊक होतं. पूर्ण कारण अख्ख्या बऱ्हाणपुरात एकट्या माझ्याजवळ होतं.

मी तुमच्याशी खोटं बोलले होते, काका. एकदाच, आणि एकाच शब्दात. तुम्ही गेल्यावर हे लिहायला बसले म्हणजे शूरपणा नाही. तुम्ही असताना सात महिने होते माझ्या हातात.

आपली पहिली भेट झाली तेव्हा नगर निगमनं दिलेल्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये तळणाच्या तेलाचं बायोडिझेल करणारं मशीन नुकतं बसलं होतं आणि मी प्रयोगशाळेतल्या बाटल्या मांडत होते. तुम्ही आत आलात, पांढरा शर्ट, खिशात दोन पेनं, कृषी खात्यातून निवृत्त झालेल्या माणसाची चाल. कोपऱ्यातल्या डब्यातल्या वापरलेल्या तेलात बोट बुडवलंत, नाकाशी नेलंत आणि म्हणालात, "हे कचोरीचं आहे. शनवाऱ्याच्या गेटापाशी जो बसतो, त्याचं." मी वैतागले होते. तेलात आम्ल किती हे काढायला मला अर्धा तास लागायचा. तुम्ही हसलात. "तुझं मशीन चांगलं आहे बाई, पण त्याले नाक नाही." तेव्हापासून तुम्ही मला वर्षाबाई म्हणायला लागलात, आणि मी तुम्हाला काका. साहेब म्हणवून घ्यायचं तुम्ही पहिल्याच दिवशी नाकारलं होतं.

रतनजोतीची गोष्ट तुम्ही मला फार उशिरा सांगितलीत. नोकरीत असताना तुम्ही डोईफोडियाच्या बांधाबांधांवर ती झाडं लावून घेतली होती. बियांचं तेल निघेल, त्यातून डिझेल होईल, गाडी दारात येऊन बिया घेऊन जाईल, असं वरून आलेलं तुम्ही खाली सांगितलंत. झाडं वाढली, बिया धरल्या, गाडी कधी आली नाही. गावात कोणी तुमच्यावर ओरडलं नाही, उलट चहाच पाजला. एक म्हातारी तेवढं म्हणाली, "साहेब, याले बकरी खात नाही, माणूस खात नाही, व्यापारी घेत नाही. मंग हे झाड करते काय?" हे सांगताना तुम्ही हसत होतात आणि मीही हसले. मग म्हणालात, "शिवी दिली असती ना, तर बरं वाटलं असतं मले."

म्हणून दुसऱ्यांदा कोणाला शब्द देताना तुम्ही इतके जपून होतात. निगमची जागा, आमच्या मालकांचा प्लांट, आणि सरकारी तेल कंपनी आमचं बायोडिझेल विकत घेऊन आपल्या डेपोत डिझेलमध्ये मिसळणार, अशी ही भागीदारी होती. करारावर सह्या झाल्या त्या दिवशी तुम्ही माझ्या कानाशी पुटपुटलात, "तीन तिघाडा, काम बिघाडा." आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला तुम्हीच हातगाडी घेऊन बुधवाऱ्यात हजर. त्या कागदात जागा कोणाची, मशीन कोणाचं, खरेदी कोणाची हे सगळं होतं. हलवायानं आपलं जळकं तेल दुसऱ्या कोणाला न विकता आम्हालाच का द्यावं, हे मात्र कुठंच लिहिलेलं नव्हतं. तेवढी एक बाजू तुम्ही एकट्यानं उचललीत. तेच तेल पुन्हा गल्लीबोळातल्या भजीवाल्यांच्या कढईत जाऊ नये, लोकांच्या पोटात जाऊ नये, याची तुम्हाला खरी कळकळ होती. मला तेव्हा आम्ल आणि पाणी एवढंच दिसत होतं.

तुमची पद्धत आमच्या मॅनेजरांना कधी पटली नाही. दुकानात आमचा डबा ठेवायचा, तो भरला की उचलायचा आणि रिकामा डबा द्यायचा, एवढंच काम. पण तुम्ही रिकामा डबा गरम पाण्यानं आणि राखेनं स्वतः घासून द्यायचात. "हलवायाच्या भट्टीपाशी देवाचा दिवा लागतो. तिथं काय आपला चिकट डबा ठेवायचा?" शिवाय कोणाचं भांडं मोकळं परत करू नये म्हणून कडीला दोन केळी बांधायचात. केळी तुमच्या भावाच्या शेतातली. मी चिडवायचे, "काका, हा प्लांट आहे का वाणाचा कार्यक्रम?" तुम्ही म्हणायचात, "वाणच आहे. घेणाऱ्याले लाज वाटली पाहिजे नाही म्हणायले." आणि खरंच, कोणी नाही म्हटलं नाही. वर्ष संपता संपता सगळा बुधवारा आणि अर्धा शनवारा तुमच्या हातगाडीवर आला होता. प्लांटला मोटार मिळाली तेव्हा तिच्या टाकीत तुम्ही पहिल्यांदा आपलंच बायोडिझेल ओतलंत आणि बोनेटवर हात ठेवून उभे राहिलात. मी विचारलं काय बघताय, तर म्हणालात, "जलेबी पचली का ते."

आपलं एक भांडण अर्धवटच राहिलं. डेपोत मिसळलेलं डिझेल हायवेवरच्या पंपांवर जायचं, आणि तुमचं म्हणणं, ते खकनारकडे, डोईफोडियाकडे आधी गेलं पाहिजे. ट्रॅक्टरला, पाण्याच्या इंजिनांना. "तिकडच्या लोकांनी झाडं लावली तेव्हा डिझेल त्यांच्या नावानं निघणार होतं. आता निघालं, तर ट्रकवाल्याले?" मी सांगायचे, वितरण आपलं काम नाही, ते तेल कंपनीचं, टँकर फिरवायला परवानगी लागते, आगीचे नियम आहेत, मापाचे नियम आहेत. तुम्ही म्हणायचात, "नियम आहेत म्हणूनच तर भागीदारी केली ना. एकट्यानं होत असतं तर मी हातगाडीवर नेलं नसतं?" मी दर वेळी जिंकायचे आणि दर वेळी मला जिंकल्यासारखं वाटायचं नाही. बरोबर तुम्ही होतात, काका. फक्त मुद्दे माझ्याजवळ जास्त होते.

आता त्या टँकरचं सांगते.

डेपोला जाणारा तो पहिला मोठा टँकर. तोवर लहान लहान खेपा गेल्या होत्या. या वेळी निगमचे लोक, तेल कंपनीचे अधिकारी, हार, मंडप, सगळं होतं. टँकर सकाळपासून उभा होता आणि आमचा शेवटचा घाणा कमी पडत होता. तेल आल्यावर आधी ते तापवायचं, त्यातलं पाणी उडून जाईपर्यंत, वरची तडतड पूर्ण थांबेपर्यंत, हा माझाच नियम. भिंतीवर माझ्याच अक्षरात लावलेला. पाणी राहिलं की पुढे डिझेलऐवजी साबण होतो. मॅनेजर तीनदा येऊन गेले. "मॅडम, साहेब लोक बसून राहिले." तडतड अजून चालू होती आणि मी आच बंद करायला सांगितली. तयार मालाची बाटली उजेडात धरली तेव्हा ती किंचित गढूळ होती. डेपोला पोचेपर्यंत निवळेल, असं मी स्वतःला सांगितलं आणि कागदावर सही केली. तुम्ही बाहेर टँकरला हार घालत होतात.

डेपोनं टँकर परत पाठवला. मालात पाणी आणि साबण.

दुसऱ्या दिवशी बैठक होण्याआधी तुम्ही प्रयोगशाळेच्या दारात आलात. आत नाही आलात, उंबऱ्यावरच थांबलात. "वर्षाबाई, तेल तापलं होतं ना बराबर?"

मी म्हणाले, "हो."

माझी नोकरी पक्की व्हायला दोन महिने राहिले होते. घरी आजारी आई, आणि या गावात केमिस्ट बाई म्हणून मला ठेवून घेणारी दुसरी जागा नाही. ही कारणं खरी आहेत. पण त्या क्षणी मी यातलं काहीच मनात आणलं नव्हतं. मला फक्त तुमच्यासमोर चुकलेली दिसायचं नव्हतं. ते माझं नाक.

तुम्ही मान हलवलीत. "मंग माझ्याच डब्यातलं पाणी. घासतो आणि पालथे घालतो, पण बुडात राहतच असन. वरून तेल ओततात लोक." आणि बैठकीत, कोणी विचारायच्या आत, तुम्ही उठून तेच सांगितलंत. "डबे मी धुतले होते. चूक माझी." मी समोर बसले होते. माझ्यापुढं पाण्याचा ग्लास होता आणि मी त्याच्याकडे बघत बसले. डब्यात पाणी होतंच, काका, खोटं नाही ते. पण ते पाणी रोजच असायचं आणि मी रोज ते उडवायचे. त्या दिवशी नाही उडवलं.

पुढं जे झालं ते तुम्ही पाहिलंत आणि त्यातलं निम्मं मी न पाहिल्यासारखं केलं. संकलन तुमच्याकडून काढून एका एजन्सीला दिलं. एजन्सीच्या गाड्या, एजन्सीचे सीलबंद डबे. मॅनेजरांनी दुकानदारांना एक छापील सूचना वाटली: तेलात पाणी मिसळू नये, मिसळल्यास घेतलं जाणार नाही. तुम्ही स्वतःवर घेतलेली चूक त्या एका ओळीनं हलवायांवर ढकलली. आणि त्यांना वाटलं, आपलं नाव देवरामभाऊनं, म्हणजे तुम्हीच, सांगितलं असणार. दुसरा कोण होता त्यांच्या डब्यापर्यंत पोचणारा? त्या दिवसापासून बुधवाऱ्यानं तुमच्याशी बोलणं सोडलं. तेलही पूर्वीसारखं येईना. ते कुठं जात होतं हे आपल्या दोघांनाही कळत होतं.

शेवटचं भेटले ते तुम्ही दवाखान्यातून घरी आल्यावर. संत्री घेऊन गेले होते आणि सगळं सांगायचं ठरवून गेले होते. तुम्ही खाटेवर बसून मला एजन्सीचं विचारत होतात. "त्यांचे डबे कोरडे असतात ना?" मी म्हटलं, असतात. "चांगलं आहे. मले सुचलंच नाही बघ. उन्हात ठेवायले पाहिजे होते, दोन दिवस." काकूंनी पाणी आणलं. तुम्ही पेला हातात घेतलात, तिरपा करून बघितलात, पंच्यानं बाहेरून पुसलात. मला वाटलं, आजारी माणसाची सवय असेल. मी तासभर बसले. हवेबद्दल बोलले, केळीच्या भावाबद्दल बोलले. निघताना तुम्ही म्हणालात, "येत जाय." मी येते म्हटलं. गेले नाही.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी काकूंकडे गेले. त्या एकट्याच होत्या, भांडी लावत होत्या. प्रत्येक भांडं आतून बाहेरून पुसून. मी विचारलं तर म्हणाल्या, "आता सवय पडली मले. यांनी लावली. सहा महिने झाले, घरात ओलं भांडं दिसलं की बेचैन व्हायचे. मी विचारलं काहाले, तर म्हणे, एक थेंब पाणी माणसाचं नाव घालवते."

मी तिथंच बसले, जमिनीवर. आणि काकूंना सगळं सांगितलं. भट्टी, टँकर, गढूळ बाटली, उंबऱ्यावरचा तुमचा प्रश्न आणि माझं उत्तर. रडले नाही, कारण रडले असते तर त्यांनी मला जवळ घेतलं असतं आणि मग ते सांगणं राहिलंच असतं. त्या ऐकत राहिल्या. हातातलं पातेलं खाली ठेवलं. आणि म्हणाल्या, "हे मले काहाले सांगून राहिली? मी कधी म्हटलं का, त्यांची चूक होती म्हणून? जिथं त्यांचं नाव गेलं तिथं जाऊन सांग."

मी दुसऱ्या दिवशी सकाळी बुधवाऱ्यात गेले, बन्सीशेठच्या दुकानात. गिऱ्हाईक होतं, मावा जलेबी निघत होती, बाजूच्या दोन दुकानांतले मालकही पायरीवर उभे होते. थांबले असते तर पुन्हा परत फिरले असते, म्हणून उभ्यानंच सांगितलं. देवराम काकांनी तुमचं नाव कधीच घेतलं नाही. त्यांनी स्वतःचं घेतलं. आणि चूक त्यांचीही नव्हती, माझी होती.

बन्सीशेठनी झारा कढईच्या कडेला ठेवला. "मॅडम, तेलात पाणी पडलं तर कढई आमच्याच तोंडावर उडते. हलवाई तेलात पाणी टाकेल? बच्चा भी नहीं डालेगा. तो कागद आला तेव्हा आम्हाला वाटलं, भाऊनं चार वर्षं चहा प्यायला आमच्याकडे आणि आम्हालाच चोर ठरवलं." मग म्हणाले, "रोज सकाळी इथून जायचा. आम्ही मान खाली घालून जलेबी काढत बसायचो. एकदा तरी विचारायला पाहिजे होतं. आप अकेली नहीं हो इस में." ही सवलत मला नको होती, काका. पण ते सवलत देत नव्हतेच, स्वतःचं दुखणं सांगत होते.

त्याच आठवड्यात तिन्ही भागीदारांची बैठक होती. मी लेखी दिलं की त्या टँकरच्या अहवालात कारण चुकीचं नोंदलं आहे. डेपोचे अधिकारी म्हणाले, प्रकरण बंद झालंय, माणूसही राहिला नाही, आता काय फरक पडतो. मी म्हटलं, अहवालाला जोडा, फरकाचं नंतर बघू. जोडला. माझ्यावर काय कारवाई करायची ते ठरायचंय; होईल ती होवो. आणि निघता निघता तुमचा खकनारकडच्या टँकरचा मुद्दाही मांडला, तुमच्याच शब्दांत: नियम आहेत म्हणूनच तर भागीदारी केली. कोणी हसलं नाही. विचार करू म्हणाले. सरकारी विचार किती दिवस चालतो ते तुम्हाला माहीत आहे, पण आता मी तिथं दर बैठकीला विचारणार आहे. भांडण तुम्ही जिंकलात.

परवा सकाळी मी काकूंकडे होते तेव्हा दारात चपला वाजल्या. बन्सीशेठ होते, आणि त्यांच्यामागे बुधवाऱ्यातले चौघे. दहावा होऊन गेला होता, तेरावा होऊन गेला होता, शोकाला येणारं आता कोणी उरलं नव्हतं. दुकानाच्या वेळेत दुकान बंद ठेवून आले होते. ओसरीत एका ओळीत बसले. काकूंनी विचारलं नाही की आता का आलात. मी आत चहा ठेवायला गेले.

चहा घेऊन आले तेव्हा बन्सीशेठ खाली बघत विचारत होते, "भाभी, आमच्याबद्दल काही बोलायचा का भाऊ? नाराज होता?"

काकू म्हणाल्या, "बोलायचे नाहीत. मी म्हणायची, ते लोक बोलत नाहीत तर मागच्या गल्लीनं काहाले नाही येत? तर म्हणे, मी रस्ता बदलला तर त्यांले वाटन मी खरंच काही केलं. दवाखान्यात जायच्या दिवशी पण तुमच्याच दुकानावरून गेले."

बन्सीशेठनी पंच्यात तोंड लपवलं. बाकीचे हातातल्या कपाकडे बघत राहिले. मी ट्रे घेऊन तशीच उभी होते.

काका, माझं घर शनवाऱ्यापलीकडे आहे आणि प्लांटचा सरळ रस्ता तुमच्या दारावरून जातो. टँकर परत आल्याच्या त्या बैठकीनंतरचे सात महिने मी लांबच्या रस्त्यानं कामाला जात होते.